चारशे सदतीस वेळा होय

देवीदासचा उजवा हात मोडला नसता तर चिंतामण करजगावकर सरांचा सत्कार झाला नसता, आणि सत्कार झाला नसता तर पुढचं बरंच टळलं असतं. म्हणून हिशेब मांडायचा तर त्या हातापासूनच मांडावा लागतो.

देवीदास हा अकोल्याच्या बीजहितवर्धक मंडळात कॉम्प्युटर ऑपरेटर. मंडळाचं काम बियाणं तपासून दाखला देण्याचं. शंभर दाणे ओल्या कागदावर ठेवायचे, किती उगवले ते मोजायचे, आणि तो आकडा छापून द्यायचा. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं चांगलं. सत्तरच्या खाली उगवले तर शेतकऱ्याला तालुका समितीपुढे तक्रार करता येते आणि बियाणं विकणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. दोन हजार सहाच्या खरिपात अर्ध्या वऱ्हाडात सोयाबीन पेरलं आणि वावरं तशीच काळी राहिली. लोकांनी थैलीच्या तळाशी उरलेले दाणे गोळा करून मंडळात आणून दिले. चारशे सदतीस नमुने. तक्रारीची शेवटची तारीख एकतीस जुलै. तपासणी वेळेत झाली. आणि छापायच्या वेळी देवीदास लुनावरून पडला.

ही बातमी सरांकडे आणली फारुखनं. फारुख म्हणजे अमरावतीत सरांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा. इतवाऱ्यात त्याचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान, आणि अंजनगाव सुर्जीला तीन भावांत मिळून अकरा एकर.

"सर, कॉम्प्युटरचं काम हातासाठी काहून थांबते?" त्यानं भिंतीवरून विचारलं. "तो देवीदास म्हनते, पलस्तर निघल्याबिगर दाखला निघत नाई. पलस्तर निघते पंधरा ऑगस्टले. आमची तारीख एकतीस जुलै."

सर हसले. सर पॉलिटेक्निकात वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवत होते आणि त्यांचा युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीवर जीव होता. युनिक्समध्ये, ते म्हणत, माणसानं एकदा नीट सांगायचं आणि मग चहा प्यायला जायचं. बाकीच्या जगाला दर वेळी नव्यानं सांगावं लागतं, हे त्यांना मागासलेपणाचं लक्षण वाटे. घरातल्या नळाबद्दलही त्यांचं हेच मत होतं. नळ मात्र विमलताईंनाच रोज उठून पाहावा लागे.

"अकरा ओळींचं काम आहे, फारुखभाई. एका रविवारात करून देतो."

"तुमच्या एका रविवारात आपलं गीझर बसणार होतं," विमलताई आतून म्हणाल्या. "त्याला दोन दिवाळ्या झाल्या."

सरांनी ते ऐकलं नाही. असं काही न ऐकण्याचा त्यांना वीस वर्षांचा सराव होता.

पहिल्या रविवारी सर बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोल्याला गेले. मंडळात ओल्या कागदाचा कुबट वास होता. खिडकीपाशी नईमा मॅडम चिमट्यानं कोंब मोजत बसल्या होत्या. पंधरा वर्षं त्या हेच करत होत्या. मोजलेला आकडा आधी स्वतःच्या लांब वहीत पेननं लिहायचा, मग कॉम्प्युटरात त्या नमुन्याच्या फाईलमध्ये भरायचा. वही कशाला, असं कोणी विचारलं तर त्या म्हणत, "लाईट गेली तरी वही उघडते."

देवीदास गळ्यात हात अडकवून हजर होता. त्यानं काम समजावलं. दाखला छापणारा प्रोग्रॅम विंडोजचा, आठ वर्षांपूर्वी एका नागपूरच्या मुलानं करून दिलेला. तो मुलगा आता कॅनडात, आणि प्रोग्रॅमच्या पोटात काय आहे ते त्याच्याबरोबर गेलेलं. काळ्या खिडकीत शेतकऱ्याचं नाव आणि नमुन्याचा नंबर टाकायचा, मग त्या नमुन्याची फाईल कुठं आहे तो पत्ता टाकायचा, मग तो दोन-तीन प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं द्यायची, मग कागद निघतो. सरांनी देवीदासच्या सांगण्याप्रमाणे एक दाखला स्वतः टाईप करून काढून पाहिला. मंडळाच्या शोभेच्या बरणीतलं बियाणं, प्रदर्शनात ठेवायचं. उगवण ब्याऐंशी टक्के. छान निघाला.

मग सर सचिव भगवंतरावांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांनी योजना सांगितली.

"समजा, विंडोज हा घरमालक. त्याच्या घरात मी युनिक्ससारखा एक भाडेकरू ठेवतो. सीडीवर आहे, फुकट आहे. मी भाडेकरूला एक चिठ्ठी लिहून देतो. तो चिठ्ठी वाचून घरमालकाच्याच गड्याला कामं सांगतो. चारशे सदतीस दाखले, एका झटक्यात."

भगवंतरावांनी बराच वेळ विचार केला. ते कॉटन फेडरेशनमधून रिटायर झालेले होते आणि प्रत्येक गोष्टीकडे ती उद्या अंगावर येईल अशा नजरेनं पाहत.

"भाडेकरू नंतर निघते ना पन?" त्यांनी विचारलं.

"केव्हाही काढता येतो."

"तसंच म्हनतात सगळे. माह्या अकोटच्या घरात एक होता." त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं. "ठेवा. पन डेड स्टॉकात नोंद झाल्याबिगर कोनतीच वस्तू मंडळात वापरता येत नाई. सीडी ठेवून जा. मी शिपायाले सांगतो, नोंद करून ठेवते."

सर सीडी ठेवून परत आले. एक रविवार गेला, पण काम मार्गी लागलं होतं. भिंतीवरून फारुखनं विचारलं, "झालं?" सर म्हणाले, "झाल्यात जमा."

डेड स्टॉकात नोंद म्हणजे काय, हे सरांना पुढच्या रविवारी कळलं. मंडळाच्या प्रत्येक खुर्चीवर, टेबलावर, तिपाईवर आणि माठाच्या झाकणावर पांढऱ्या ऑईल पेंटनं नंबर होता. सीडीवरही होता. बी.एम. दोनशे चौदा. एका बाजूला चित्र होतं म्हणून शिपायानं दुसरी, चकचकीत, मोकळी बाजू निवडली होती, आणि अक्षर मोठं, सुवाच्य काढलं होतं. सीडी यंत्रात गेली, कण्हली आणि बाहेर आली.

"आता पुसून टाकू का?" शिपायानं आदरानं विचारलं. त्याच्या हातात टर्पेंटाईन होतं.

सर पिशवी उचलून निघाले. स्टेशनवर त्यांनी चार आलूबोंडे खाल्ले आणि थेट बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर दुबार पेरणी चालली होती. काही वावरांत ती सुद्धा नव्हती.

तिसऱ्या रविवारी, म्हणजे तेवीस तारखेला, सर दोन सीड्या घेऊन गेले आणि एक कोणालाच दाखवली नाही. नईमा मॅडम त्या दिवशी मूर्तिजापूरला बहिणीच्या घरी कार्याला गेल्या होत्या. भारनियमनामुळे लाईट अकरा वाजता जाणार आणि तीनला येणार होती. अकराच्या आत भाडेकरू घरात आला. तीन वाजता सरांनी घरून लिहून आणलेली अकरा ओळींची चिठ्ठी त्याला दिली. त्यानं पहिल्याच ओळीला हात वर केले. सरांनी चिठ्ठी लिहिली होती विंडोजच्या साध्या नोटपॅडात, आणि नोटपॅडनं प्रत्येक ओळीच्या शेवटी आपलं एक न दिसणारं चिन्ह चिकटवून दिलं होतं. ते काढलं. मग फोल्डरच्या नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा होती, तिथं भाडेकरूनं एका नावाची दोन माणसं केली. ते निस्तरलं. पाच वाजले. सातची गाडी गाठायची होती. मग गडी, म्हणजे दाखला छापणारा प्रोग्रॅम, कामाला लागला आणि पहिल्याच दाखल्यावर गप्प उभा राहिला.

गडी काय म्हणतोय ते दिसत नव्हतं, कारण त्याची सगळी बडबड सरांनीच एका फाईलीत वळवून ठेवली होती. पडदा स्वच्छ असावा हा त्यांचा आग्रह असे.

"तो विचारत असंन काही," देवीदास मागून म्हणाला. "विचारलं का मी वाय दाबतो. वाय म्हंजे हाव."

"काय विचारतो ते वाचत नाही?"

"वाचत बसलो तं दिवसाचे चाळीस कागद होतीन का, सर? आठ वर्षं वाय दाबून राहिलो. एक तक्रार नाई."

सरांना ही गोष्ट खटकली. वीस वर्षं मुलांना ते सांगत आले होते की यंत्र काय म्हणतं ते आधी वाचा. पण सातची गाडी होती, आणि देवीदासची आठ वर्षं होती, आणि युनिक्समध्ये न थकता होय-होय म्हणत राहणारी एक तयार आज्ञा असते. तिचा नळ त्यांनी गड्याच्या कानाला जोडून दिला. तो काहीही विचारो, उत्तर एकच.

आणि काम सुरू झालं! टिकटिकणारा प्रिंटर कागदामागून कागद ओकू लागला. शिपाई फाडत होता आणि पालथे घालत होता. पालथे अशासाठी, की सही आणि शिक्का मंडळात कागदाच्या मागच्या अंगाला मारतात. पुढचं अंग छापील, त्यावर शाई फाकते. भगवंतरावांचा सहीचा रबरी शिक्का सोफ्यावर बसून त्यांच्या पुतण्यानं मारला. चारशे सदतीस कागद, चारशे सदतीस शिक्के, आणि पुढचं अंग कोणाच्याच डोळ्यांखालून गेलं नाही. शेवटी सरांनी गड्याचा निकालाचा आकडा पाहिला. काम नीट झालं की प्रोग्रॅमनं जाताना शून्य म्हणून जायचं असतं. सगळ्यांवर शून्य होतं. सर समाधानानं उठले आणि त्यांना सातची गाडी मिळाली.

सोमवारी जीपनं दाखले तालुक्यातालुक्याला गेले. गुरुवारी सत्कार होता.

सत्काराला विमलताई आल्या होत्या, सरांची शाल घडी घालायला कोणीतरी हवं म्हणून. भगवंतराव बोलले. एकट्या माणसानं, एका हाताचं काम, बिनाहातानं केलं, असं काहीसं वाक्य होतं आणि त्याला टाळ्या पडल्या. सर उत्तराला उभे राहणार इतक्यात नईमा मॅडम उठल्या. त्यांच्या हातात वही होती आणि दुसऱ्या हातात तीन दाखले. ते अकोला तालुक्याचे म्हणून मंडळातच राहिले होते.

"सर, एक विचारू? माझ्या वहीत या तिघांचे चौदा, नऊ आणि बावीस हायेत. कागदावर तिघांचेही ब्याऐंशी आले."

इथं एक गोष्ट नमूद करून ठेवली पाहिजे. त्या क्षणी तारीख होती सत्तावीस. चार दिवस हातात होते. सरांनी "पाहतो" म्हटलं असतं, तर तेवढ्यावर भागलं असतं.

पण सरांच्या खांद्यावर शाल होती.

"मॅडम," ते गोड आवाजात म्हणाले, "यंत्र मोजत नाही. यंत्र तुम्ही भरलेलंच छापतं. चारशे सदतीस वेळा त्यानं शून्य म्हटलंय, म्हणजे चूक नाही. भरताना काही झालं असेल. इतके दाणे मोजायचे म्हणजे डोळे थकतातच."

"डोळे थकतात," नईमा मॅडम म्हणाल्या. "पन ते सगळ्याईले ब्याऐंशी नाई दाखवत."

भगवंतराव घाईनं मध्ये पडले. त्यांना लेखी काहीतरी हवं होतं. सरांनी तिथल्या तिथं मंडळाच्या लेटरहेडवर लिहून दिलं: सदर प्रणालीत कोणताही दोष आढळला नाही, दाखले विश्वासार्ह आहेत. सही, हुद्दा, तारीख. अक्षर नेहमीप्रमाणे सुंदर. नईमा मॅडमनी वही मिटली आणि त्या आपल्या कोंबांकडे परत गेल्या.

गाडीत विमलताई म्हणाल्या, "त्या बाई खोटं बोलणाऱ्या वाटल्या नाहीत."

"खोटं कोण म्हणतंय? चूक म्हणतोय."

"तेच. तुम्ही बघितलं का पण?"

सरांनी शाल दुसऱ्या खांद्यावर घेतली.

एक ऑगस्टला सकाळी फारुख भिंतीवरून न बोलता दारातून आला. हे वेगळं होतं. त्यानं एक कागद टेबलावर ठेवला. तालुका समितीचा होता. तक्रारदाराचं बियाणं ब्याऐंशी टक्के उगवणीचं असल्याचं दाखल्यावरून दिसतं, सबब पेरणी चुकीच्या पद्धतीनं झाली असावी, सबब तक्रार निकाली.

"सर, माह्या अब्बानं चाळीस वर्षं पेरलं," फारुख म्हणाला. "मी तीस. आता कागद म्हनते का आमाले पेरता येत नाई. अन् माह्याच नाई, आमच्या पूर्ण शिवाराले ब्याऐंशी हाये. जे वावरात एक दाना नाई निघाला त्यालेबी ब्याऐंशी. आमची जमीन येवढी सारखी कव्हापासून झाली?"

"दाखवतो तुम्हाला," सर म्हणाले. मंडळातून उतरवून आणलेलं सगळं त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर होतं, प्रोग्रॅमसुद्धा, नमुन्यांच्या फाईलीसुद्धा. "यंत्राचा दोष नाही हे डोळ्यांनी बघा." त्यांनी फारुखच्याच नमुन्याची चिठ्ठी चालवली. फारुखला नीट दिसावं म्हणून या वेळी बडबड पडद्यावर येऊ दिली आणि होय-होयचा नळ बंद ठेवला.

गडी थांबला आणि त्यानं इंग्रजीत, स्वच्छ अक्षरांत विचारलं: नमुन्याची फाईल सापडली नाही. आधीच्या नमुन्याचा निकाल वापरायचा का? होय की नाही?

सर त्या ओळीकडे पाहत राहिले.

त्याचं असं झालं होतं. भाडेकरू युनिक्सच्या घरातला, त्याची पत्ते सांगायची रीत वेगळी. त्याचा प्रत्येक पत्ता तिरप्या रेघेनं सुरू होतो. घरमालकाच्या गड्याला त्या रेघेपुढचं काहीही पत्ता वाटत नाही, हुकूम वाटतो, आणि असा हुकूम त्याच्या यादीत नव्हता, म्हणून त्यानं तो सोडून दिला. नाव आणि नंबर त्याला समजले, ते त्यानं बरोबर छापले. फाईलच मिळाली नाही. मग त्यानं प्रत्येक वेळी, चारशे सदतीस वेळा, अदबीनं विचारलं. आणि सरांनी चारशे सदतीस वेळा होय म्हटलं. आधीचा नमुना म्हणजे शोभेची बरणी. भाडेकरूचे पत्ते गड्याच्या भाषेत करून देणारी एक छोटी आज्ञा असते. सर तिसऱ्या वर्षाला ती दर वर्षी शिकवत. परीक्षेत तिच्यावर पाच मार्कांचा प्रश्न असे.

"काय म्हनते?" फारुखनं विचारलं.

सरांनी सांगितलं. सांगायला जितकी वाक्यं लागली त्याहून जास्त वेळ लागला. फारुखनं कागद घडी करून खिशात ठेवला आणि जाताना दार हळू ओढून घेतलं.

पुढचे दोन महिने सर धावले. भगवंतराव म्हणाले, दुरुस्ती होते, काहून नाही होत. मूळ दाखला परत आणा. मूळ दाखला समितीच्या फाईलीत. समिती म्हणाली, मूळ कागद परत देता येत नाही, मंडळानं दाखला चुकीचा असल्याचं लेखी द्यावं. मंडळ म्हणालं, आमच्याकडे तर दाखला विश्वासार्ह असल्याचं लेखी आहे, तज्ज्ञाचं. सरांनी तज्ज्ञाचं ते पत्र चुकीचं असल्याचं दुसरं पत्र दिलं. भगवंतरावांनी ते आवकात नोंदवलं आणि हळूच म्हणाले, "सर, दोनातलं कोनतं खरं मानायचं? पहिलं तं शालीत लिहिलं होतं."

सगळ्यांनी दुरुस्तीचा अर्ज करावा म्हणून सरांनी चारशे सदतीस कार्डं स्वतः लिहिली. विमलताईंनी पत्ते घातले. एकतीस कार्डं परत आली. पोस्टमननं कोपऱ्यात कारण लिहिलं होतं. एकोणीसवर गाव सोडून गेला, पुण्यास, सुरतेस. आठवर घर बंद. चारवर मयत. ती चार विमलताईंनी वेगळ्या पाकिटात ठेवली आणि पाकिटावर काही लिहिलं नाही.

अंजनगावच्या समितीनं एकदा सरांना ऐकून घेतलं. नईमा मॅडम रजा टाकून वही घेऊन आल्या होत्या. फारुख आणि शिवारातली वीस-पंचवीस माणसं मागं उभी होती.

"प्रोग्रॅमनं चूक दाखवली होती का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. त्यानं विचारलं होतं."

"तुमी काय उत्तर दिलं?"

"होय म्हटलं."

"न वाचता?"

"न वाचता."

"अन् मग लेखी दिलं, का दोष नाई म्हनून?"

"दिलं."

अध्यक्षांनी नईमा मॅडमची वही उघडली, दोन पानं पाहिली, मान हलवली. "बाई, मोजलं तुमी चांगलं असंन. पन हे हातानं लिव्हेलं हाये. आमाले संगनकाचं लागते."

नईमा मॅडम सरांकडे पाहून अगदी किंचित हसल्या. सरांना त्या हसण्यापेक्षा शिवी परवडली असती. तक्रारी निकालीच राहिल्या. परतीच्या एसटीत फारुखनं त्यांच्या शेजारची जागा धरून ठेवली होती. परतवाड्याला तो उतरून दोन चहा घेऊन आला.

"प्या," तो म्हणाला. "तुमी खोटं नाई बोलले आज. तेवढं झालं."

पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात फारुख गोणपाटाची एक ओली गुंडाळी घेऊन आला. आत नव्या थैलीतले शंभर दाणे. त्याच्या अब्बांची रीत होती ही. चार दिवस सावलीत ठेवायचं, पाणी मारायचं, पाचव्या दिवशी उलगडून मोजायचं.

"सर, तुमच्या ओट्यावर राहू द्या. माह्या घरी नातवंडं उकलून पाहतात."

सरांनी चार दिवस त्या गुंडाळीला पाणी घातलं. नळाला पाणी नव्हतं तेव्हा हंड्यातलं घातलं. पाचव्या दिवशी सकाळीच त्यांनी ती ओट्यावर उलगडली, चष्मा पुसला आणि दहा-दहाच्या रांगा लावून मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग विमलताईंना बोलावून त्यांच्याकडून मोजून घेतलं.

"ब्याऐंशी," विमलताई म्हणाल्या.

भिंतीपलीकडे फारुखची चप्पल वाजली. सरांनी चटकन एक कोंब उचलून शर्टाच्या खिशात टाकला.

"किती, सर?"

"एक्क्याऐंशी."

फारुखनं गोणपाटाकडे पाहिलं, सरांच्या खिशाकडे पाहिलं. खिशातून एक पांढरं शेपूट बाहेर आलं होतं.

"ब्याऐंशी हायेत, सर," तो म्हणाला. "पहाटे तुमी झोपेल होते तव्हा मी भिंतीवरून येऊन मोजून गेलो."

"मग मला कशाला विचारलंत?"

"इचारा लागते," फारुख गोणपाट गुंडाळत म्हणाला. "पन आता मोजल्याबिगर कोनाचंच घेत नाई मी."

त्यानं गुंडाळी काखेत मारली, सरांच्या खिशातला कोंब दोन बोटांनी अलगद काढून घेतला, आणि पेरायला गेला.